चकतीवरची अष्टमी

“या चकतीवर शेवटचा हात त्याचाच होता,” आतून प्राध्यापक म्हणाले. “विचार करा जरा. पाचशे वर्षांहून जास्त काळ तिला कुणी हलवलेलं नाही.”

मी दाराबाहेर उभी होते. जाड जुनी पुस्तकं उघडी ठेवायची असली की पानांवर शिसं भरलेल्या कापडी दोऱ्या ठेवतात. त्या आणायला मला पाठवलं होतं आणि दोन्ही हातांत एकेक दोरी लोंबत होती. आत जायला उचललेलं पाऊल मी तसंच खाली ठेवलं. त्या चकतीवर शेवटचा हात माझा होता. पाच आठवड्यांपूर्वीचा, मंगळवारचा, जेवणाच्या सुट्टीच्या थोडा आधीचा.

“सुंदर,” डॉक्टर म्हणाल्या. एरवी त्या कशालाच सुंदर म्हणत नाहीत.

मी आत गेले, दोऱ्या पानांवर ठेवल्या आणि विचारलं, “अजून काही हवंय?”

“नाही. पण थांब, हबीबती,” डॉक्टर म्हणाल्या. लाडात आल्या की त्या मला असं म्हणतात. “तुलाही ऐकायला आवडेल.”

मी थांबले आणि सगळं ऐकलं. मान हलवली, आणि पुन्हा कॅमेऱ्यामागे जाऊन बसले.

डॉक्टर म्हणजे माझ्या बॉस. त्या औषधं देणाऱ्या डॉक्टर नाहीत, जुन्या विज्ञानाच्या इतिहासात त्यांनी डॉक्टरेट केली आहे. बहारीनमध्ये जनाबियातल्या त्यांच्या व्हिलामागे पूर्वी दोन गाड्या उभ्या राहायच्या. त्या जागेत आता त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर जमवलेली हस्तलिखितं आहेत. बहुतेक अरबी, थोडी फारसी, आणि लॅटिन फक्त एक. वडील तरुणपणी युरोपात शिकत होते तेव्हा ते त्यांनी तिथे घेतलं. का घेतलं हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांच्या मते त्यांना चित्रं आवडली असावीत. माझं काम या सगळ्या पुस्तकांचे पानोपान फोटो काढायचे आणि प्रत्येक पानाची नोंद एका तक्त्यात भरायची. करार आठ महिन्यांचा होता आणि सातवा महिना चालू होता.

इथे व्हिसाचं सांगून टाकते. माझा जन्म बहारीनचा, शाळा इथली, कॉलेजही इथलंच, पण मी राहते बाबांच्या व्हिसावर. बाबा ड्राफ्ट्समन आहेत. त्या वर्षीच्या जूनमध्ये ते निवृत्त होणार होते. त्यांचा व्हिसा संपला की आईचा आणि माझाही संपणार होता. आई-बाबा चिपळूणला परत जायला एका पायावर तयार होते. आईने बुसैतीनच्या फ्लॅटमधली अर्धी भांडी खोक्यांत भरूनही ठेवली होती. मला चिपळूण सुट्टीपुरतं माहीत होतं. तिथे मी काय करणार, कोणाशी कुठल्या भाषेत बोलणार, हे मला दिसत नव्हतं. डॉक्टरांनी मात्र परवाच म्हटलं होतं की तुला कायम ठेवू या, व्हिसा आम्ही काढू, प्राध्यापकांचं सखीरच्या विद्यापीठातलं भाषण झालं की कागदांवर सही करते, इंशाल्ला. इंशाल्लाचे इथे बरेच अर्थ होतात. डॉक्टरांचा अर्थ आजवर नेहमी ‘होय’ असाच निघाला होता.

त्या लॅटिन पुस्तकावर माझा जीव जडला त्याला कारण त्याचा लिहिणारा. तो विद्यार्थी होता. मध्य युरोपातल्या कुठल्याशा विद्यापीठात शिकत होता आणि पाठ्यपुस्तक विकत घेण्याइतकं त्याच्याकडे काही नसावं. तेव्हा पुस्तकाच्या शिवलेल्या नसलेल्या घड्या दुकानातून भाड्याने मिळायच्या. एक घडी न्यायची, नकलून काढायची, परत करायची, दुसरी आणायची. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला आमच्या कॉलेजमधल्या झेरॉक्सच्या रांगा आठवल्या. फरक एवढाच, की यात हात दुखायचा. धंदेवाईक लेखनिकाचं अक्षर सगळीकडे सारखं असतं. याचं तसं नाही. सुरुवातीला नीटनेटकं, पानाच्या खाली येईपर्यंत घाईचं, आणि आकड्यांचे तक्ते आले की जीव मुठीत धरून लिहिल्यासारखं बारीक. एका समासात त्याने लिहून ठेवलंय की थंडीमुळे शाई वाहत नाही. एका तक्त्यात त्याच्या हातून एक ओळ सुटली होती. महिन्याच्या शेवटी एक चौकट रिकामी उरली तेव्हा त्याच्या ते लक्षात आलं. मग त्याने अख्ख्या महिन्यावर कागदाची पट्टी चिकटवून आकडे पुन्हा लिहिले. पट्टी तिरकी बसली आहे. पट्टीच्या बाजूला लॅटिनमध्ये एक शब्द आहे. त्याचा अर्थ डॉक्टरांनी मला सांगितला नाही. नुसत्या हसल्या.

मला लॅटिन येत नाही. पण इतके दिवस एकाच माणसाचं अक्षर पाहिलं की तो काय करतोय हे कळायला लागतं. पहिल्या भागात ग्रहणं काढायची रीत आहे, सूर्य कुठल्या दिवशी कुठल्या राशीत किती अंशांवर हे आहे, खगोलाच्या आकृत्या आहेत, गणित आहे. पान उलटलं की लगेच चंद्र कुठल्या राशीत असताना रेचक घ्यावं, शरीराचा कुठला भाग कधी कापू नये, प्रवासाला कधी निघावं. शाई तीच, अक्षर तेच, मध्ये रेघसुद्धा मारलेली नाही. पाहुणे येत तेव्हा याचं त्यांना फार नवल वाटे. एवढा हुशार माणूस आणि असल्या गोष्टी! मला वाटलं नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्योदयाची अचूक वेळ आणि मेषेच्या लोकांनी या महिन्यात उधारी टाळावी हे एकाच पानावर असतं, आणि मागच्या बाजूला भरल्या वांग्यांची कृती. मी मराठी वाचायला शिकले ती त्याच कॅलेंडरावर. शाळेत इंग्रजी, फ्रेंच आणि हिंदी होतं. मराठी अक्षरं आईने मला तिथे ओट्याजवळ उभं करून दाखवली. प्रतिपदा, द्वितीया, तृतीया. त्यामुळे “तू”, “मी” नीट लिहिता येण्याआधी मला “चतुर्दशी” वाचता येत होतं.

चकती पुस्तकाच्या शेवटाकडे आहे. उजव्या पानावर तळाशी एक मोठं वर्तुळ काढलेलं, त्याच्या कडेला बारा राशी आणि त्यांच्या आत बारा महिने. त्यावर चामड्याच्या कागदाच्या दोन चकत्या, एकावर एक, मधोमध दोऱ्याच्या गाठीने शिवलेल्या. खालच्या चकतीला सूर्याचा काटा आहे आणि तिच्या कडेने एक ते एकोणतीस आकडे आहेत, चंद्राच्या वयाचे दिवस. वरच्या चकतीला चंद्राचा काटा, हिरव्या रंगाचा, आणि एक गोल भोक. आज काय तारीख ते बघून सूर्याचा काटा लावायचा. अमावास्येला किती दिवस झाले ते बघून त्या आकड्यावर चंद्राचा काटा लावायचा. मग चंद्र कुठल्या राशीत आहे ते काट्याच्या टोकाशी कळतं आणि भोकातून चंद्र जेवढा आकाशात दिसतो तेवढाच दिसतो. कोर, अर्धा, पूर्ण.

नियम असा आहे की कुठलीही हलणारी वस्तू आधी जशी आहे तशी फोटोत घ्यायची. मग हवं तर हलवायची. हा नियम डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला होता आणि मी तो वहीत लिहूनही घेतला होता. त्या मंगळवारी पान उघडलं, दिवे लावले, आणि मला चकतीच्या खालचे आकडे नीट दिसेनात म्हणून बोटाने वरची चकती जरा सरकवली. पाचशे वर्षांची वस्तू. मला वाटलं होतं ती चिकटलेली असेल. ती लोण्यासारखी फिरली. भोकात काळ्यातून पांढरं सरकत आलं.

मग मी थांबायला हवं होतं. पण मला बघायचं होतं की हे खरंच चालतं का. आजच्या तिथीची मला खात्री नव्हती. खात्रीची एकच तिथी मला माहीत होती. माझे दोन वाढदिवस होतात. तारखेचा केक घेऊन आणि तिथीचा आईच्या ओवाळण्याने. फेब्रुवारीतली माझी तारीख, आणि माघ शुद्ध अष्टमी. महिन्यांची लॅटिन नावं वाचायला काही कठीण नाहीत. सूर्याचा काटा फेब्रुवारीत माझ्या दिवसावर आणला. चंद्राचा काटा आठावर आणला. भोकात बरोबर अर्धा चंद्र आला. मी किती तरी वेळ बघत राहिले. ज्या माणसाने कधी चिपळूण ऐकलं नसेल, बहारीनही ऐकलं नसेल, त्याने माझी अष्टमी दाखवली होती.

डॉक्टरांनी बाहेरून हाक मारली, जेवायला चल, मच्छी थंड होतेय. मी घाईने फोटो काढला आणि पुस्तक मिटलं. त्या पानाचा तो पहिला फोटो. त्याच्या आधी त्या पानाचा फोटो कुणी काढलेला नव्हता. आधी काटे कुठे होते हे मला आठवत नव्हतं, कारण मी ते पाहिलंच नव्हतं. मी आकडे पाहत होते.

तो फोटो इतर चारशे फोटोंबरोबर प्राध्यापकांना गेला. ते युरोपातले, निवृत्त, या विद्यार्थ्यासारख्याच नकलून काढलेल्या पुस्तकांवर त्यांनी आयुष्य घालवलेलं. त्यांनी काट्यांचे अंश मोजले, गणित केलं आणि त्यांना आढळलं की पुस्तकाच्या शेवटी विद्यार्थ्याने जे लिहिलंय त्याच्याशी ते जुळतंय. त्याने लिहिलंय की मेणबत्त्यांच्या सणानंतर थोड्याच दिवसांत हे काम संपवलं. तो सण फेब्रुवारीच्या सुरुवातीला येतो. म्हणजे विद्यार्थ्याने काम संपवलं, त्या दिवसाचे सूर्यचंद्र चकतीवर लावले आणि पुस्तक मिटलं, आणि ते तसंच राहिलं. त्या दिवशी चंद्राचं वय आठ दिवस होतं, एवढ्यावरून त्यांनी वर्षही काढलं होतं. हे सगळं ते सखीरच्या कॅम्पसवर विद्यार्थ्यांसमोर सांगणार होते आणि डॉक्टर ते आपल्या हस्तलिखितांच्या सूचीत छापणार होत्या.

प्राध्यापक वाईट असते तर सोपं गेलं असतं. ते फार चांगले होते. मला बाजूला बसवून त्यांनी दाखवलं की विद्यार्थी दमला की त्याच्या एका अक्षराची शेपटी उजवीकडे झुकते. मी म्हटलं, हो, आणि बुधवारच्या पानांवर जास्त झुकते. बुधवार कशावरून, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बुधवार मी उगाच म्हणते, पण दर सात-आठ पानांनी असं होतं, त्या दिवशी त्याला दुसरं काही काम असणार. ते इतके खूश झाले की टाळी वाजवली. म्हणाले, भाषणात पहिले आभार तुझे, तुझ्या फोटोशिवाय ती तारीख मिळालीच नसती.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन तक्ता उघडला. प्रत्येक पानापुढे शेवटी ‘शेरा’ असा रकाना आहे. तिथे मी लिहिलं: फोटोआधी चकती हलली असण्याची शक्यता. मग “शक्यता” काढून टाकलं. मग “हलली” ऐवजी “हलवली गेली” केलं. मग चौकटीला पिवळा रंग दिला आणि तक्ता दोघांना पाठवला. दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांचं उत्तर आलं, किती काटेकोर काम आहे, धन्यवाद. डॉक्टरांनी अंगठा पाठवला. तो रकाना कुणी उघडला नव्हता. मला वाटतं जगात तो कुणीच उघडत नाही.

आई पोळ्या लाटत होती तेव्हा मी तिला सांगितलं. आईशी मी निम्मं इंग्रजीत बोलते, ती पूर्ण मराठीत. दोघींचं नीट चालतं.

“मोडली का चकती?” आईने विचारलं.

“नाही.”

“फाटली?”

“नाही, आई. ते म्हणतात ती तारीख त्या माणसाची आहे.”

“मग कोणाची आहे?”

“माझी. माघ शुद्ध अष्टमी.”

आईचं लाटणं थांबलं. मग ती इतकी हसली की पोळपाट सरकला. “अगो बाई! गोऱ्याच्या पंचांगात आमची अष्टमी! बघितलंत का हो, तुमची लेक काय करून आली ती?”

बाबा हॉलमधून म्हणाले, “ऐकतोय.”

“हे बघ,” आई एकदम गंभीर झाली, “आता एक अक्षर बोलू नकोस. आधी व्हिसा छापून हातात येऊ दे. मग काय सांगायचंय ते सांग. पेढे दे आणि सांग.”

“तोपर्यंत पुस्तकात छापून येईल.”

“येऊ दे की. त्या मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? त्याचं काय, फेब्रुवारी झाला काय नि मार्च झाला काय.”

बाबा उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. बाबा कमी बोलतात. मी त्यांच्यावर गेले आहे असं आई म्हणते, आणि ते कौतुक नसतं. “ड्रॉइंगमध्ये चूक झाली की आम्ही खोडत नाही,” ते म्हणाले. “रिव्हिजन टाकतो. कोपऱ्यात लिहायचं, काय बदललं, कोणी बदललं.”

“लिहिलंय मी. शेऱ्यात.”

“शेरा कोण वाचतो?” बाबा म्हणाले. “साइटवर चुकीच्या जागी भोक पाडायला घेतात, तेव्हा धावत जाऊन ओरडायला लागतं.”

“तुम्ही ओरडलात कधी?” आईने विचारलं.

बाबा विचार करू लागले. “एकदा,” ते म्हणाले आणि पाणी प्यायला गेले.

पुढचे नऊ दिवस मी वाक्य तयार करत होते. डॉक्टरांकडचे ड्रायव्हरकाका आमच्याच मुहर्रक बेटावर राहतात आणि सकाळी जनाबियाला जाताना मला घेऊन जातात. ते राजापूरचे, तेवीस वर्षं इथे. त्यांना मी कुठल्या पुस्तकावर काम करते ते मी एकदा समजावून सांगितलं होतं आणि त्यातून त्यांनी ‘पंचांग’ एवढाच शब्द उचलला होता.

“काय गो, तोंड असं का?” त्यांनी एका सकाळी पुलावर विचारलं. “पंचांगात काय वाईट निघालं?”

“काही नाही काका.”

“काही नाही कसं? चार दिवस बघतोय. ओठ हलतायत, आवाज मफी, अजिबात नाही. बोलतेस कोणाशी?”

“स्वतःशी.”

“मग जरा मोठ्याने बोल. मलाही करमेल. रेडिओ बिघडलाय.”

मी हसले आणि खिडकीबाहेर बघितलं. वाक्य इंग्रजीत तयार होतं. “मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय” इथून सुरू होत होतं आणि तिथेच प्रत्येक वेळी थांबत होतं, कारण हे वाक्य ऐकलं की लोक हातातलं काम ठेवून आपल्याकडे बघतात. मी त्याच्याशिवाय सुरुवात करायचा प्रयत्न केला. एकदा डॉक्टर चहा घेत होत्या, तेव्हा मी म्हणाले, “ती चकती...” डॉक्टर म्हणाल्या, “हो ना? काय नशीब आपलं!” त्यांचे डोळे भरून आले होते. “बाबा असते तर,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो.

भाषणाच्या दिवशी सकाळी प्राध्यापकांना पडद्यावर दाखवायला एक फोटो कमी पडला. त्यांना चकतीचा तिरक्या उजेडातला फोटो हवा होता, ज्यात कागदाच्या घड्या, चढउतार दिसतात. डॉक्टर आणि ते बैठकीच्या खोलीत कॉफी घेत होते. अकराला निघायचं होतं. मी हात धुतले, कोरडे केले आणि पुस्तक फोमच्या उतारावर उघडलं. ती चकती मी सहा आठवड्यांनी जवळून पाहत होते. प्राध्यापक आल्यापासून पानं तेच उलटत होते. मी कॅमेऱ्यामागे असायची.

दिवा अगदी खाली, पानाच्या पातळीला आणून बाजूने लावला. तिरक्या उजेडात कागद वाळवंटासारखा दिसतो. प्रत्येक सुरकुतीला सावली पडते. आणि मला आधी चंद्राचा काटा दिसला. त्याचं हिरवं टोक पानाच्या कडेपासून नखभर बाहेर आलं होतं आणि वर वळलं होतं. मी लावलेल्या जागी तो काटा पानात मावत नव्हता. पुस्तक मिटलं की दर वेळी तो बाहेर राहत होता, आणि सहा आठवडे पुठ्ठ्याच्या कडेला घासून त्याचा रंग तडकायला लागला होता. टोकाशी केसाएवढी चीर होती. मी जुन्या मोठ्या फोटोत बघितलं. तिथे चीर नव्हती.

म्हणजे तो तिथे पाचशे वर्षं राहूच शकला नसता.

मग तो कुठे होता? मी दिवा उचलून डाव्या पानावर धरला. त्या पानावर मजकूर आहे, तिथे मी कधी तिरका उजेड टाकलाच नव्हता. शिवणीजवळ, ओळींच्या मधून, एक फिकट हिरवट डाग होता. लांबट, टोकाशी निमुळता. मी वाकून पाहिलं, मग पुन्हा उजवीकडची चकती, पुन्हा डाग. हिरव्या रंगात तांबं असतं, ते समोरच्या कागदात उतरतं, हे डॉक्टरांनीच मला शिकवलं होतं. काटा शिवणीकडे, पुस्तकाच्या आतल्या बाजूला वळवलेला होता. तिथे तो पानात पूर्ण मावतो. ज्याने कोणी शेवटचं पुस्तक मिटलं, त्याने कुठलीही तारीख लावली नव्हती. काटा मोडू नये म्हणून तो आत वळवला होता, आपण छत्रीचा दांडा पिशवीत घालतो तसा. हे विद्यार्थ्याने केलं की कुणा दुकानदाराने की डॉक्टरांच्या वडिलांनी, ते कळायला मार्ग नव्हता.

इतकं सुरेख होतं ते. आणि मला ते एकटीला माहीत होतं. क्षणभर मला नुसता आनंद झाला, व्हिसाबिसा काही आठवलं नाही.

बाहेर ड्रायव्हरकाकांनी दोनदा हॉर्न वाजवला. दार उघडलं आणि डॉक्टर आत आल्या. खांद्यावर पर्स, हातात एक पारदर्शक फोल्डर. त्यात वरच माझ्या पासपोर्टची प्रत दिसत होती. “हे आणलंय बरोबर,” त्या म्हणाल्या. “भाषण संपलं की तिथेच सही करते. झालं ना फोटोचं? मिट आता ते, यल्ला, उशीर होतोय.”

मागून प्राध्यापक कोटाची बटणं लावत आले. “मिटू नका, मी मिटतो,” ते म्हणाले. “मला तो मान हवाय.” त्यांनी दोऱ्या उचलून बाजूला ठेवल्या आणि मागच्या पुठ्ठ्याखाली हात घातला. चंद्राचा काटा थरथरला.

व्हिसा मिळाल्यावर पेढे देऊन सांग, असं आई म्हणाली होती. ओठ हलवून तयार केलेलं ते वाक्य मी शोधलं आणि ते सापडलं नाही. प्राध्यापकांचा हात वर येत होता. मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवला. असं मी कधी कुणाच्या बाबतीत केलं नव्हतं. दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

“मिटू नका, तो मोडेल,” मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. “ही चकती मी फिरवली. पहिल्या फोटोच्या आधी. ती त्याची तारीख नाही, माझ्या वाढदिवसाची आहे. मला बघायचं होतं चालते का, आणि चालते. आधी काटा कुठे होता ते मी पाहिलं नव्हतं, पण आत्ता सापडलंय. इकडे या, खाली वाका, दिवा मी धरते. समोरच्या पानावर बघा.”